फॉलिस वाचायला शिका: बायझंटाइन ब्राँझ नाणी जमवू पाहणाऱ्यांसाठी

तळहातावर ठेवल्याबरोबर आधी वजन जाणवतं. जवळजवळ 4 सेंटिमीटर रुंद, 22 ग्रॅमच्या आसपास, कडा वेड्यावाकड्या, रंग काळपट तपकिरी. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला, थेट आपल्याकडे बघणारा चेहरा. त्याच्या हातात गोल आणि गोलावर क्रूस. उलटून पाहिलं तर मधोमध भलंमोठं 'एम', डावीकडे वरून खाली 'आन्नो' (लॅटिनमध्ये 'वर्षी') अशी अक्षरं आणि उजवीकडे एक फुली व तीन दांड्या. फुली म्हणजे 10, दांड्या 3. सम्राट जस्टिनियनच्या कारकिर्दीचं तेरावं वर्ष, इ.स. 539-40.

हे बायझंटाइन फॉलिस, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) ही राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याचं ब्राँझचं नाणं. आपल्या ढब्बू पैशाची आठवण यावी असं दणकट नाणं. सोन्याचं सॉलिडस कर भरायला, सैन्याचा पगार द्यायला, मोठ्या व्यवहाराला. पाव, भाजी, तेल, हमामातली अंघोळ यांसाठी हातात यायचं ते हेच ब्राँझ. म्हणून ते झिजलेलं असतं, आणि म्हणूनच मला ते सोन्यापेक्षा जवळचं वाटतं.

नवख्या माणसाला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: आधी नाणं वाचायला शिका, मग विकत घ्या. बायझंटाइन ब्राँझइतकी स्वतःबद्दल स्वतःच सांगणारी जुनी नाणी फार थोडी आहेत. सहाव्या-सातव्या शतकातल्या बऱ्याच फॉलिसवर किंमत, टांकसाळ, टांकसाळीतला विभाग आणि वर्ष असं सगळं लिहिलेलं असतं. ग्रीक किंवा लॅटिन येत नसली तरी चालतं. दहा-बारा अक्षरं ओळखता आली की काम सुरू होतं.

पहिली पायरी: चार अक्षरं

इ.स. 498 च्या आधी या साम्राज्याचं रोजचं नाणं होतं नुम्मुस. वजन एक ग्रॅमपेक्षा कमी, आकार करंगळीच्या नखाएवढा. साध्या खरेदीलासुद्धा मूठ-मूठ खुर्दा मोजावा लागे. सम्राट अनास्तासियुस पहिला याच्या खजिन्याचा कारभार पाहणारा जॉन हा पाफ्लागोनियाचा माणूस; त्याच्या सल्ल्याने 498 मध्ये मोठी ब्राँझ नाणी पाडायला सुरुवात झाली आणि प्रत्येकावर त्याची किंमत ठसठशीत अक्षरात कोरली गेली. ग्रीकांमध्ये अक्षरंच आकडे म्हणून चालत. म्यू म्हणजे 40, म्हणजेच 40 नुम्मी (नुम्मुसचं अनेकवचन); ते आपल्याला रोमन 'एम'सारखं दिसतं, आणि हेच फॉलिस. कप्पा, म्हणजे 'के'सारखं अक्षर, 20, अर्धं फॉलिस. योटा, नुसती उभी दांडी, 10. एप्सिलॉन, 'ई'सारखं, 5. या चार अक्षरांवर निम्मा संग्रह उभा राहतो.

सुरुवातीची ही फॉलिस लहान होती, साधारण 9 ग्रॅमची. 512 मध्ये वजन दुप्पट करण्यात आलं. त्यामुळे अनास्तासियुसचं 'लहान' फॉलिस आणि 'मोठं' फॉलिस हे दोन वेगळे प्रकार आहेत. विकणारा नुसतं 'अनास्तासियुस' म्हणत असेल तर वजन विचारा.

अनास्तासियुस मला फार आवडतो. राजवाड्यातला एक अधिकारी. साठीच्या आसपास असताना विधवा सम्राज्ञी अरियाद्ने हिने त्याला गादीसाठी निवडलं. त्याचा एक डोळा काळा आणि एक निळा होता, म्हणून लोक त्याला 'दिकोरोस', म्हणजे दोन तऱ्हेच्या बुबुळांचा, म्हणत. व्यापारी आणि कारागिरांना पिळून काढणारा एक जुना कर त्याने रद्द केला, आणि तरीही 518 मध्ये तो वारला तेव्हा खजिन्यात 3,20,000 पौंड सोनं शिल्लक होतं, असं इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. पुढे जस्टिनियनने जी युद्धं केली, चर्च बांधली, त्यांच्या पायाशी ही काटकसर आहे. त्याच्या नाण्यावरचा चेहरा मात्र अजून जुन्या रोमन पद्धतीचा आहे: उजवीकडे बघणारा, एका बाजूने दिसणारा.

दुसरी पायरी: मागची बाजू आधी

सवय अशी असते की आपण चेहरा आधी बघतो. बायझंटाइन ब्राँझमध्ये उलट करा. चेहरे ठोकळेबाज असतात, नावं अर्धवट उमटलेली असतात, कधी अक्षरंच चुकीची असतात. मागची बाजू बोलते.

मोठ्या अक्षराच्या खाली आडवी रेघ असते, आणि रेघेखाली टांकसाळीचं नाव. 'सी-ओ-एन' असेल तर कॉन्स्टँटिनोपल. 'एन-आय-के' किंवा 'एन-आय-के-ओ' म्हणजे निकोमेडिया. 'के-वाय-झेड' म्हणजे किझिकोस. 'टी-ई-एस' म्हणजे थेसालोनिकी, 'आर-ए-व्ही' म्हणजे रावेन्ना, 'सी-ए-टी' म्हणजे सिसिलीतलं कातानिया. अँटिओक थोडं फसवतं. 526 आणि 528 अशा दोन भूकंपांनी ते शहर उद्ध्वस्त झालं. त्यानंतर त्याचं नाव बदलून थिऊपोलिस, म्हणजे देवाचं शहर, असं ठेवलं गेलं. म्हणून त्यानंतरच्या अँटिओकच्या नाण्यांवर 'अँटिओक' शोधाल तर सापडणार नाही. थीटा या गोल अक्षराने सुरू होणारं नाव दिसेल.

मोठ्या अक्षराच्या पोटात एक लहान अक्षर असतं: आल्फा, बीटा, गामा, डेल्टा किंवा एप्सिलॉन. तो टांकसाळीतल्या विभागाचा क्रमांक. नाण्यात काही खोट निघाली तर कोणत्या विभागाला धरायचं ते त्यावरून कळे.

अलेक्झांड्रियाची टांकसाळ आपल्याच चालीने चालायची. तिथलं नेहमीचं नाणं 40 चं नव्हतं, 12 नुम्मींचं होतं. त्यावर योटा आणि बीटा ही दोन अक्षरं असतात: 10 आणि 2. ही लहान, जाडसर नाणी हाताळताना मला नेहमी कल्याण आठवतं. जस्टिनियनच्याच काळात अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी, कॉस्मास, पश्चिम भारताच्या बंदरांबद्दल लिहून गेला. त्याने 'कल्लियाना'चा उल्लेख केला आहे आणि तिथून तांबं निर्यात होतं असं म्हटलं आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अलेक्झांड्रियाच्या नाण्यात कल्याणचं तांबं होतं, असं मी म्हणत नाही. पण दोन्ही गावं एकाच व्यापाराच्या वाटेवर होती, हे विसरता येत नाही.

आता वर्ष. नाण्यांवर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष घालायची पद्धत जस्टिनियनने बाराव्या वर्षी, 538-39 मध्ये, सुरू केली. डावीकडे 'आन्नो', उजवीकडे आकडा. हिशोब सोपा: गादीवर आल्याचं साल घ्या, नाण्यावरचा आकडा मिळवा, एक वजा करा. जस्टिनियन 527 ला आला. बारावं वर्ष म्हणजे 527 अधिक 12 वजा 1, 538. जस्टिन दुसरा 565 मध्ये आला. त्याच्या नाण्यावर 9 दिसलं तर 573. राज्यवर्ष जानेवारीत सुरू होत नसल्यामुळे ते दोन इसवी सनांमध्ये विभागलं जातं, म्हणून आपण 573-74 असं लिहितो.

एका ठिकाणी सगळे अडतात. जस्टिन दुसऱ्यापासून पुढे 6 हा आकडा बऱ्याचदा एका खास चिन्हाने लिहिलेला असतो. ते रोमन 'जी' किंवा हुकासारख्या वळलेल्या 'एस'सारखं दिसतं. त्याच्या खाली एक दांडी म्हणजे 7, दोन म्हणजे 8. हे माहीत नसलं की नाणं 'वाचता येत नाही' म्हणून बाजूला पडतं. माझी तीन नाणी सुरुवातीला अशीच डबीत पडून होती.

तिसरी पायरी: ताजवा

0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. सोनारांच्या सामानाच्या दुकानात मिळतो. दहापट दाखवणारं भिंग आणि व्यास मोजायला एक कॅलिपर. यापेक्षा जास्त सामान लागत नाही, पण काटा टाळू नका. या नाण्यांचा खरा इतिहास वजनात आहे.

जस्टिनियनच्या बाराव्या-तेराव्या वर्षाची फॉलिस सर्वांत भारी: 22 ते 25 ग्रॅम. उत्तर आफ्रिका जिंकून झालेली, इटलीत सैन्य पुढे सरकत असलेलं, हागिया सोफिया 537 मध्ये उभी राहिलेली. तो उत्साह त्या जाडजूड तुकड्यात उतरलेला आहे. मग 542 च्या वसंतात राजधानीत प्लेग आला. स्वतः सम्राटालाही झाला, तो वाचला. त्यानंतरच्या वर्षांची नाणी काट्यावर ठेवत जा, वजन उतरत जाताना दिसेल. प्रोकोपियस लिहितो की पूर्वी एका सोन्याच्या नाण्याला सराफ 210 फॉलिस देत, ते आता 180 केले. हा आकडा पुस्तकात वाचणं वेगळं आणि बारावं, सोळावं, विसावं, तिसावं वर्ष अशी चार नाणी ओळीने ठेवून बघणं वेगळं.

610 मध्ये हेराक्लियस आला तेव्हा फॉलिस 11 ग्रॅमवर आलं होतं. पर्शियन सैन्याने 614 मध्ये जेरुसलेम घेतलं, मग इजिप्त गेलं, आणि नाणं आणखी अर्धं झालं. 629-30 मध्ये, युद्ध जिंकल्यावर, विसाव्या राज्यवर्षी ते पुन्हा जड झालं. त्या नाण्यावर हेराक्लियस लष्करी पोशाखात, छातीपर्यंत दाढी घेऊन मुलाशेजारी उभा आहे. पण लगेच अरब आले, 636 मध्ये यार्मुकची लढाई हरली, आणि वजन पुन्हा घसरलं. नातू कॉन्स्टन्स दुसरा याच्या काळात 5, 4, कधी 3 ग्रॅमचे वेडेवाकडे तुकडे. जुनी नाणी छिन्नीने कापून, त्याच तुकड्यांवर नवा ठसा मारलेला. तरी त्यावर लिहिलं काय आहे? 'एन तूतो निका': या चिन्हाने जिंक. सम्राट कॉन्स्टंटाइनने 312 मध्ये पाहिल्याचं सांगतात, तेच वाक्य. बघायला कुरूप, पण हे नाणं हातात घेतलं की मला कोणत्याही सुबक नाण्यापेक्षा जास्त काहीतरी जाणवतं. नवख्यांनी ते सुरुवातीलाच घेऊ नये, कारण वाचायला अवघड जातं. दोन वर्षांनी घ्या.

चौथी पायरी: पहिली पाच नाणी

'सगळे सम्राट जमवायचे' असं ठरवून सुरू केलेले संग्रह मी अर्ध्यात थांबलेले पाहिले आहेत. काही सम्राटांचं ब्राँझ फारच दुर्मिळ आहे, शेवटच्या काळात तर नावापुरतं. त्यापेक्षा पाच नाण्यांनी सुरुवात करा आणि ती पाचही पूर्ण वाचा.

पहिलं, जस्टिनियनचं कॉन्स्टँटिनोपलचं, वर्ष असलेलं फॉलिस. संग्राहक त्याला सीअर या अभ्यासकाच्या यादीतल्या क्रमांकाने ओळखतात: एसबी 163. हे क्रमांक विक्रेत्यांची बोलीभाषाच आहेत. हळूहळू सवय होते. थोडं महाग पडलं तरी एकच घ्या आणि नीट उमटलेलं घ्या.

दुसरं, जस्टिन दुसरा आणि सोफिया, एसबी 360. राजा-राणी शेजारी शेजारी सिंहासनावर बसलेले. रोजच्या ब्राँझवर सम्राटाच्या बरोबरीने बसलेली सम्राज्ञी ही त्या काळी नवी गोष्ट होती, आणि ती उगाच नव्हती. सोफिया ही जस्टिनियनची राणी थिओडोरा हिची भाची. 574 मध्ये जस्टिनचं मानसिक संतुलन गेल्यावर तिबेरियुस या सेनापतीला पुढे आणून राज्य सांभाळलं ते तिने. ही नाणी मुबलक आहेत, स्वस्त आहेत, आणि बहुतेकांवर वर्ष वाचता येतं. सरावासाठी यापेक्षा चांगलं नाणं नाही.

तिसरं, फोकास. 602 मध्ये सैन्यातल्या या कनिष्ठ अधिकाऱ्याने बंड केलं, सम्राट मॉरिसच्या डोळ्यांसमोर त्याच्या मुलांना मारलं आणि मग त्यालाही. फोकासची टोकदार दाढी नाण्यावर ओळखू येते. मागे 'एम'च्या जागी चार फुल्या: 10 चार वेळा, 40. किंमत तीच, फक्त लिहायची रीत लॅटिन.

मध्येच पावणेतीनशे वर्षं ओलांडून चौथ्यावर येतो: लिओ सहावा, एसबी 1729. 886 ते 912. आता 'एम' गेलेलं आहे, वर्ष गेलेलं आहे. हा बदल सम्राट थिओफिलसने 829 नंतर पक्का केला. त्याने मागची सगळी बाजू चार ओळींच्या मजकुराला दिली: 'ऑगस्टस थिओफिलस, तू जिंकतोस.' लिओच्या नाण्यावर त्याच चार ओळींत आहे: 'लेऑन, देवाच्या ठायी रोमनांचा राजा.' रोमनांचा! 'बायझंटाइन' हा शब्द आपण नंतर लावला. ते स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत राहिले, आणि हे सांगायला कुठलाही ग्रंथ नको, हे एक नाणं पुरतं.

पाचवं, निनावी फॉलिस. जॉन त्झिमिस्केस 969 मध्ये सम्राट निकेफोरस फोकासचा (हा वरच्या फोकासहून वेगळा) खून करून गादीवर आला. त्याने ब्राँझवरून स्वतःचं नाव आणि चेहरा दोन्ही काढून टाकले. त्या जागी आला येशूचा चेहरा, आणि मागे: 'येशू ख्रिस्त, राजांचा राजा.' सुमारे 1092 पर्यंत अशी नाणी निघाली, सम्राटाच्या नावाशिवाय. मग कोणतं कोणाचं? इथे अभ्यासकांनी केलेलं काम मला थक्क करतं. जुन्या निनावी नाण्यावर नवा ठसा मारायची पद्धत होती. खालचा ठसा कोणता आणि वरचा कोणता हे शेकडो नाण्यांवर तपासून त्यांनी क्रम लावला आणि वर्गांना 'ए', 'बी', 'सी' अशी अक्षरं दिली. 'ए-2' हा वर्ग बेसिल दुसऱ्याच्या काळात सुरू झालेला; सर्वांत मुबलक, आकाराने मोठा, नवख्याला परवडणारा. यातली बरीच नाणी भोक पाडलेली मिळतात, कारण लोकांनी ती गळ्यात घातली. भोक असलेलं नाणं कमी किमतीत मिळतं. मी तर ती मुद्दाम घेतो.

1092 मध्ये अलेक्सियस कोम्नेनसने सगळी नाणेव्यवस्थाच बदलली. त्यानंतर येतात ती वाटीसारखी खोलगट नाणी, तांब्यात जेमतेम चांदी मिसळलेली, आणि सोबत तेतार्तेरॉन नावाची लहान सपाट तांब्याची नाणी. वाटीच्या आकारामुळे ठसा दोनदा, एकेका बाजूला झुकवून मारावा लागे; म्हणून चेहरा अनेकदा दुभंगलेला दिसतो. 1204 नंतर लॅटिन (म्हणजे राजधानी घेणाऱ्या पश्चिम युरोपी क्रूसेडरांच्या) आणि बल्गेरियन नकलाही त्यात मिसळतात. हा प्रांत सुंदर आहे, पण वेगळा अभ्यास मागतो. पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका.

पाचवी पायरी: विकत घेताना

साधी, वाचता येणारी फॉलिस आंतरराष्ट्रीय बाजारात साधारण 20 ते 50 डॉलरला मिळतात. फार स्वस्तातली मूठभर 'न धुतलेली' नाणी नव्या लोकांना मोहात पाडतात. घेऊ नका. त्यातून जे निघतं ते बहुधा गुळगुळीत असतं, आणि कुठून उकरलं याचा पत्ता नसतो.

फोटोत दोन्ही बाजू, वजन आणि व्यास दिलेला असावा. खोटं असेल तर परत घेण्याची लेखी हमी असावी. ओतीव नकलांच्या कडेवर साच्याची शिवण दिसते, पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोलसर असतात. आपल्याकडे नाणं वाजवून घ्यायची रीत आहे, पण इथे ती चालवू नका. दीड हजार वर्षांचं ब्राँझ आतून कुजून ठिसूळ झालेलं असू शकतं, फरशीवर टाकलं तर तडकतं.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती वाळूच्या थराने. सीरिया-जॉर्डनकडच्या खऱ्या नाण्यांवर खोलगट भागात फिकट वाळूचा थर बसलेला असतो आणि त्यामुळे चित्र उठून दिसतं. हाच परिणाम साधायला झिजलेल्या नाण्यावर माती आणि डिंक लावतात, कधी त्या मातीतच चेहरा कोरतात. ओल्या अंगठ्याने हलकेच घासून बघा. माती बोटावर आली, तर ती कालची आहे.

कायद्याचं एक-दोन वाक्यांत, पण मनावर घ्या. तुर्कस्तानातून पुरावस्तू बाहेर नेणं गुन्हा आहे. इस्तंबूल किंवा एफेससला फिरायला गेलात आणि अवशेषांजवळ कुणी खिशातून नाणी काढून दाखवली, तर हात लावू नका; बहुतेक वेळा ती नकली असतात, आणि खरी निघाली तर विमानतळावर तुम्ही अडकता. परदेशातून मागवलंत तर पार्सलवर खरं वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा आणि जुन्या संग्रहातून आल्याची कागदपत्रं असलेलंच नाणं निवडा. भारतात 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. एकदा घरात आलं की ते इथेच राहणार, असं धरूनच घ्या.

सहावी पायरी: पावसाळा

चिंच नको, लिंबू नको, पितांबरी तर मुळीच नको. देवघरातली तांब्याची भांडी लखलखीत करायची आपली सवय नाण्यावर चालवलीत, तर पंधरा मिनिटांत दीड हजार वर्षांचा थर निघून जाईल आणि खाली गुलाबीसर, खड्डे पडलेला तांब्याचा तुकडा उरेल. तो काळपट, हिरवा, तपकिरी थर म्हणजे नाण्याची त्वचा. त्याला पॅटिना म्हणतात, आणि संग्राहक त्यासाठीच पैसे मोजतात.

पण प्रत्येक हिरवं चांगलं नसतं. घट्ट, गुळगुळीत हिरवं असेल तर निर्धास्त राहा. फिकट पोपटी, पिठासारखं, नखाने सुटणारं हिरवं म्हणजे ब्राँझ डिसीज. जमिनीतलं क्लोराइड धातूत अडकलेलं असतं. त्याला दमटपणा आणि हवा मिळाली की ते धातू खायला लागतं. मला हे जुलै महिन्यात कळलं. मुंबईतल्या घरात, लाकडी कपाटात ठेवलेल्या हेराक्लियसच्या एका फॉलिसवर तिळाएवढे तीन पोपटी ठिपके आले. मी पुसून टाकले. दहा दिवसांनी ते वाटाण्याएवढे झाले होते, आणि पुसल्यावर खाली खड्डे होते. हेराक्लियसच्या मुलाचा चेहरा त्यात गेला. ते नाणं आता वेगळ्या डबीत आहे, आणि तो चेहरा परत येणार नाही.

असं दिसल्यावर लगेच नाणं इतरांपासून वेगळं करा. पावडर लाकडी दातकोरण्याने भिंगाखाली काढा. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. पाणी रोज बदला, निदान दोन-तीन आठवडे. रोग फार वाढला असेल तर सोडियम सेस्किकार्बोनेटच्या सौम्य द्रावणात ठेवावं लागतं. त्याने पॅटिनाचा रंग थोडा बदलू शकतो, हे मान्य करूनच. शेवटी पूर्ण सुकवा. टेबललॅम्पच्या उबेत एक-दोन दिवस पुरतात.

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हा खर्च नाण्याच्या किमतीतच धरावा. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, म्हणजे ओलावा भरला की दिसतो. तव्यावर मंद आचेवर गरम केलं की पुन्हा वापरता येतं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाणी ठेवू नका. काही वर्षांनी त्यातून चिकट हिरवट द्रव सुटतो. माइलर या पॉलिएस्टर फिल्मची पाकिटं थोडी कडक असतात, पण सुरक्षित.

सातवी पायरी: चिठ्ठी

प्रत्येक नाण्याखाली एक चिठ्ठी. सम्राट, टांकसाळ, विभाग, राज्यवर्ष, वजन, व्यास, यादीतला क्रमांक, कुणाकडून घेतलं, कधी, किती रुपयांना. पेन्सिलने लिहा, शाई पसरते. पडताळणीसाठी वॉशिंग्टनचं डंबर्टन ओक्स आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम यांचे संग्रह इंटरनेटवर छायाचित्रांसह बघता येतात, आणि आपलं झिजलेलं नाणं त्यांच्या चांगल्या नाण्याशेजारी ठेवून बघणं हा या छंदातला सर्वांत मोठा अभ्यास आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिचं काम भारतीय नाण्यांवर आहे, पण नाणं कसं धरायचं, कसं मोजायचं, कसं नोंदवायचं हे शिकायला देशात याहून चांगली जागा नाही.

चिठ्ठी लिहिताना नाणं तिरप्या उजेडात फिरवत राहा. खिडकीशी बसा, ट्यूबलाइटखाली नको. माझ्याकडे कॉन्स्टंटाइन सातव्याचं एक फॉलिस आहे, 7 ग्रॅमचं, किमतीला अगदी साधं. हा लिओ सहाव्याचा मुलगा. सात-आठ वर्षांचा असताना गादीवर आला. 919 मध्ये आरमाराचा प्रमुख रोमानस याने आपली मुलगी हेलेना त्याला दिली, आणि पुढच्याच वर्षी स्वतः सहसम्राट होऊन सगळी सत्ता हातात घेतली. चोवीस वर्षं जावई नावापुरता राजा होता. तो ग्रंथ लिहीत बसला. डिसेंबर 944 मध्ये रोमानसला त्याच्याच मुलांनी गादीवरून ओढलं, पुढच्या महिन्यात त्या मुलांनाही हाकललं गेलं, आणि चाळिशीच्या कॉन्स्टंटाइनच्या हातात राज्य आलं. त्याने नवी चकती वापरली नाही. सासऱ्याचीच नाणी पुन्हा ठशाखाली घातली.

ते नाणं आडवं धरलं की कॉन्स्टंटाइनच्या नावाच्या ओळींमधून दुसऱ्या कुणाच्या तरी मुकुटाची कड वर येते, आणि तिच्या खाली, दुसऱ्या ओळीच्या अक्षरांना कापत, दाढीच्या चार बारीक रेषा. माझ्या चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत लिहिलेलं आहे: 'खाली रोमानस. सकाळच्या उन्हात दिसतो.'